मुलुंडचा पत्ता आणि बंद झालेली कंपनी : एक प्रकरण अभ्यास

विवाहजुळणीच्या संकेतस्थळावर ओळख झालेल्या एका माणसाला मुलुंड पूर्वेला राहणाऱ्या महिलेने नकार कळवला आणि त्याचा क्रमांक ब्लॉक केला. तिचे पूर्ण नाव आणि मोबाइल क्रमांक याखेरीज त्याच्याकडे काहीही नव्हते. तरीही काही आठवड्यांनी तो तिच्या इमारतीच्या गेटवर आला आणि वॉचमनला त्याने विंग व फ्लॅट क्रमांकासह पत्ता बिनचूक सांगितला. हा पत्ता त्याला कोठून मिळाला, तो तेथून काढता येतो का, आणि येत असेल तर कोणत्या क्रमाने काढावा, एवढ्याच प्रश्नांचा विचार येथे केला आहे. या प्रकरणात मी तिला सल्ला दिला; ओळख पटू नये म्हणून काही तपशील वगळले किंवा बदलले आहेत.

त्या महिलेचा पॅकेजिंग डिझाइनचा व्यवसाय आहे आणि तो ती घरूनच करते. घटस्फोटापूर्वीची काही वर्षे ती पतीच्या नोकरीनिमित्त न्यू जर्सीत राहिली होती. परतल्यावर २०१६ मध्ये तिने एका मैत्रिणीबरोबर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली, ती चालली नाही, आणि पाच वर्षांनी रीतसर अर्ज करून ती कंपन्यांच्या सरकारी नोंदवहीतून काढून टाकण्यात आली. हा तपशील वरवर जुना आणि निरुपयोगी वाटतो. प्रत्यक्षात सगळ्या प्रकरणाचे मूळ तेथेच निघाले.

पहिले काम होते ते अनोळखी माणसाच्या नजरेने शोध घेण्याचे. कोणत्याही खात्यात लॉगिन न करता, ब्राउझरच्या खासगी खिडकीत, तिचे नाव अवतरणचिन्हांत घालून आम्ही शोधले: देवनागरीत, रोमन लिपीतल्या वेगवेगळ्या स्पेलिंगांनी, माहेरच्या आडनावाने आणि सासरच्याही. मोबाइल क्रमांक देशाच्या कोडसह आणि त्याशिवाय असा दोन्ही प्रकारे टाकून पाहिला. येथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. आपल्याकडे सरकारी अर्जावर स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन नावे लिहिण्याची पद्धत आहे. नुसते नाव आणि आडनाव घेतले तर मुंबईत शेकडो माणसे निघतील. मधले नाव जोडले की बहुतेक वेळा एकच व्यक्ती उरते. विवाहजुळणीच्या संकेतस्थळावर तिने हे तिहेरी नाव जसेच्या तसे दिले होते.

त्या नावाने शोधल्यावर पहिल्याच पानावर कंपन्यांची माहिती दाखवणाऱ्या एका खासगी संकेतस्थळाचे पान आले. त्यावर संचालक म्हणून तिचे नाव होते. त्याखालच्या दुव्यावरून कंपनीचे पान उघडत होते आणि कंपनीच्या पानावर नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता होता, म्हणजे तिचाच फ्लॅट. एक पैसाही न देता आणि कोणताही कायदा न मोडता, दोन-तीन क्लिकमध्ये कोणीही त्या दारापर्यंत पोहोचू शकत होते. तोच मजकूर अशाच इतर अनेक संकेतस्थळांवर थोड्याफार फरकाने होता आणि त्यांपैकी काहींवर तिचा जुना वैयक्तिक ईमेलही होता. जीएसटी क्रमांक शोधून देणाऱ्या पानांवर तिच्या सध्याच्या व्यवसायाची नोंद याच पत्त्यासह होती. फोन कोणाचा हे सांगणाऱ्या अॅपमध्ये तिच्या नावापुढे कोणीतरी ‘डिझाइन मुलुंड’ असे जोडलेले होते. शिवाय अमेरिकेतील व्यक्तिशोध संकेतस्थळांवर तिचे वय, तेथील जुने पत्ते, दोन्ही आडनावे आणि ‘संभाव्य नातेवाईक’ या मथळ्याखाली माजी पतीचे व बहिणीचे नाव असे पानच तयार होते.

अमेरिकेत व्यक्तिशोध हा उघड धंदा आहे: स्पोकिओ, बीनव्हेरिफाइड, इंटेलियस यांसारख्या कंपन्या सार्वजनिक नोंदी आणि विकत घेतलेल्या याद्या एकत्र करून माणसामागे एक पान बनवतात. आपल्याकडे तेच काम तुकड्यातुकड्यांनी होते. कोणी कंपन्यांची नोंदवही उतरवून घेतो, कोणी जीएसटीची, कोणी फोनवरची नावे जमवतो, आणि जोडणी शोधणारा स्वतः करतो. त्यामुळे ‘माझी माहिती काढा’ असे सांगायला येथे एकच दार नाही.

काहीही काढण्यापूर्वी आम्ही पुरावा जमवला. पान हटवले की त्या माणसाला पत्ता कोठून मिळाला असावा हे दाखवणारा पुरावाही त्याबरोबर जातो, आणि घाईत ही गोष्ट हमखास सुटते. प्रत्येक पानाचा पूर्ण दुवा, दिनांक व वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट आणि पीडीएफ जपून ठेवले. इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मधील कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते, म्हणून त्या कोणत्या उपकरणावर आणि कोणी घेतल्या हेही लिहून ठेवले. याच संचाच्या आधारे तिने स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. नकार दिल्यानंतरही स्त्रीचा पाठलाग करणे किंवा पुन्हा पुन्हा संपर्क साधणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खालील गुन्हा आहे. माहिती हटवणे आणि पोलीस तक्रार ही दोन वेगळी कामे असून पहिल्याने दुसऱ्याची गरज संपत नाही, हे तिला आरंभीच सांगितले.

मी हे प्रकरण पाहण्यापूर्वी तिच्या भावाने शोधयंत्राकडे अर्ज करून एक दुवा शोधनिकालांतून काढून घेतला होता. त्याची जागा दुसऱ्या संकेतस्थळावरच्या तशाच पानाने घेतली. तसे होणारच होते, कारण शोधयंत्र पान दाखवते, पान त्याच्याकडे नसते. आणि ते पानही मूळ सरकारी नोंदीची प्रत असते. मूळ नोंद जशीच्या तशी राहिली तर प्रत काढून टाकल्यावरही पुढच्या उतरवणीत ती परत येऊ शकते. म्हणून आम्ही क्रम उलटा केला: आधी मूळ नोंद, मग प्रती, शेवटी शोधयंत्र.

मूळ नोंदी दोन होत्या आणि त्यांची प्रकृती अगदी वेगळी निघाली.

जीएसटीची नोंद चालू होती, त्यामुळे ती बदलता येण्याजोगी होती. जीएसटी पोर्टलवर ‘करदाता शोधा’ या सोयीत कोणीही क्रमांक टाकला की नोंदणीधारकाचे कायदेशीर नाव, व्यवसायाचे नाव, नोंदणीची स्थिती आणि व्यवसायाचे मुख्य ठिकाण दिसते. एकल मालकीच्या व्यवसायात कायदेशीर नाव म्हणजे माणसाचे स्वतःचे नाव, आणि घरून काम करणाऱ्याचे मुख्य ठिकाण म्हणजे त्याचे घर. त्यातच पंधरा अंक-अक्षरांच्या जीएसटी क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७, आणि पुढची दहा म्हणजे सरळ पॅन क्रमांक असतो. बिलावर जीएसटी क्रमांक छापावाच लागतो. म्हणजे घरच्या पत्त्यावर जीएसटी नोंदणी असलेली मुंबईतील प्रत्येक डिझायनर, भाषांतरकार किंवा सल्लागार आपल्या बिलाबरोबर पॅन आणि घरचा पत्ता अप्रत्यक्षपणे वाटत असते. व्यवस्था करचोरी रोखण्यासाठी आहे हे मान्य. पण घर हेच कार्यालय असलेल्यांचा विचार ती आखताना कोणी केलेला दिसत नाही.

नोंदणी रद्द करणे हा एक मार्ग होता. सेवा देणाऱ्यांसाठी उलाढालीची सर्वसाधारण मर्यादा २० लाख रुपये आहे आणि तिची उलाढाल त्यावर होती, म्हणून तो बाद झाला. खोटा किंवा केवळ कागदोपत्री पत्ता देणे मला मान्य नव्हते. अधिकारी प्रत्यक्ष पाहणीसाठी येऊ शकतात आणि तेव्हा व्यवसाय तेथे नाही असे आढळले तर नोंदणीच धोक्यात येते. तिने घाटकोपरला एका सामायिक कार्यालयात टेबल भाड्याने घेतले, ग्राहकांच्या भेटी व नमुन्यांची ने-आण तेथून सुरू केली, आणि भाडेकरार, जागामालकाचे संमतिपत्र व वीजबिल जोडून आरईजी-१४ या नमुन्यात मुख्य ठिकाण बदलण्याचा अर्ज केला. पत्ता हा नोंदणीतील गाभ्याचा तपशील मानला जातो. तो बदलल्यापासून १५ दिवसांत अर्ज करावा लागतो आणि अधिकाऱ्याची मंजुरी लागते. मंजुरीनंतर पोर्टलवर घाटकोपरचा पत्ता दिसू लागला. खासगी पानांपैकी काही थेट पोर्टलवरून माहिती घेत असल्याने ती आपोआप बदलली. उरलेल्यांना लिहावे लागले.

कंपनीची नोंद मात्र गोठलेली होती. कंपनी चालू असती तर नोंदणीकृत कार्यालय दुसरीकडे हलवून आयएनसी-२२ हा नमुना भरता आला असता आणि सरकारी पानावरचा पत्ता बदलला असता. पण कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २४८ खाली नाव काढून टाकलेली कंपनी विसर्जित झालेली असते. तिच्या वतीने पत्ता बदलण्याचा अर्ज कोण करणार? “अहो, पण कंपनी बंद झाली आहे ना, मग पत्ता कशाला ठेवतात?” हा तिचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर असे, की बंद कंपनीचे घेणेकरी, सभासद आणि कर खाते यांना ती कोठे होती आणि तिचे संचालक कोण होते हे नंतरही कळावे, अशी कायद्याची योजना आहे, आणि ती निरर्थक म्हणता येणार नाही. कलम ३९९ नुसार ठरलेले शुल्क भरून कोणालाही दाखल कागदपत्रे पाहता येतात, आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पुरावा म्हणून जोडलेले वीजबिलही त्यांत असू शकते.

तिच्या ओळखीच्या एका सीएने संचालक ओळख क्रमांक, म्हणजे डीआयएन, परत करण्याचा सल्ला दिला होता. हा सल्ला सर्रास दिला जातो, म्हणून त्याविषयी स्पष्ट लिहितो. डीआयआर-५ या नमुन्याने स्वतःहून डीआयएन परत करता येतो, पण त्यासाठी आपली कोणत्याही कंपनीत संचालक म्हणून कधीही नेमणूक झाली नाही आणि तो क्रमांक कोणत्याही दाखल कागदपत्रासाठी वापरला नाही असे घोषित करावे लागते. पाच वर्षे संचालक राहिलेल्या व्यक्तीला ही घोषणा खरेपणाने करता येत नाही. तो मार्ग तेथेच संपला.

मग कायद्याने माहिती पुसून घेण्याचा हक्क? डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम १२ मध्ये दुरुस्ती व पुसून टाकण्याचा हक्क आहे खरा. परंतु कलम ३ मध्ये अशी तरतूद आहे की, व्यक्तीने स्वतः जाहीर केलेली, किंवा भारतातील कोणत्याही कायद्याने बंधनकारक केल्यामुळे दुसऱ्या कोणी जाहीर केलेली माहिती या अधिनियमाच्या कक्षेबाहेर राहते. कंपनीचा पत्ता नेमका या दुसऱ्या गटात मोडतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांत मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे हा हक्क मे २०२७ पूर्वी वापरताच येणार नाही. माझे मत असे आहे की, सरकारी नोंदवहीने पत्ता जाहीर करणे आणि एखाद्या खासगी धंद्याने तोच पत्ता व्यक्तीच्या नावाशी जोडून शोधाच्या पहिल्या पानावर आणणे या दोन वेगळ्या कृती आहेत आणि अपवादाचे कवच पहिल्या कृतीला जितके शोभते तितके दुसऱ्या कृतीला शोभत नाही. न्यायालये काय म्हणतील हे पुढे दिसेल. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला आहे आणि उच्च न्यायालयात याचिका करण्याचा मार्ग खुला आहे, पण तिला तत्काळ सुरक्षितता हवी होती, दीर्घ लढाई नको होती.

त्यामुळे खासगी संकेतस्थळांना पाठवलेल्या पत्रात आम्ही कायद्याची धमकी घातली नाही. कंपनीची संपूर्ण नोंद हटवण्याची मागणीही केली नाही, कारण ‘ही सार्वजनिक माहिती आहे’ हे एका ओळीचे उत्तर त्यावर ठरलेले असते. मागणी नेमकी आणि लहान ठेवली: कंपनी काढून टाकल्याचा पुरावा जोडला आहे, हा पत्ता आता कोणत्याही व्यवसायाचा नसून एका स्त्रीच्या निवासाचा आहे, तिचा पाठलाग झाल्याची पोलीस तक्रार आहे, म्हणून पत्त्यातील इमारत, विंग व फ्लॅट क्रमांक आणि वैयक्तिक ईमेल एवढेच झाकावे, शहराचे नाव राहू द्यावे. प्रत्येक पत्रात पानाचा थेट दुवा दिला. तिच्या नावाने एक वेगळा ईमेल उघडला आणि सगळा पत्रव्यवहार त्यावरूनच केला, नाहीतर हटवण्याच्या अर्जातूनच नवा चालू ईमेल त्यांच्या हाती गेला असता.

उत्तरे नाना प्रकारची आली. एका संकेतस्थळाने त्याच आठवड्यात पत्ता झाकला. दुसऱ्याने आधार कार्डाची प्रत मागितली. त्यांना आधारचे शेवटचे चार अंकच दिसणारी प्रत, छायाचित्र झाकून आणि त्यावर ‘फक्त या अर्जासाठी’ असे आडवे लिहून पाठवली, ती त्यांना चालली. तिसऱ्याने हटवण्यासाठी शुल्क मागितले. पैसे देऊ नयेत असे मी सांगितले: एकदा दिले की त्या नोंदीला किंमत आहे हे त्यांना कळते, आणि तीच नोंद दुसऱ्या नावाच्या संकेतस्थळावर उगवणार नाही याची कोणतीही हमी नसते. ज्यांनी दाद दिली नाही त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ चा हवाला देऊन लिहिले. त्या नियमांनुसार तक्रारीची पोच २४ तासांत आणि निवारण साधारणपणे ७ दिवसांत (फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीपूर्वी १५ दिवसांत) व्हायला हवे. हे नियम मध्यस्थांसाठी, म्हणजे इतरांनी दिलेला मजकूर दाखवणाऱ्या सेवांसाठी आहेत आणि स्वतः माहिती गोळा करून छापणारे संकेतस्थळ मध्यस्थ कसे, असा आक्षेप कोणी घेतला असता तर मला त्याला ठाम उत्तर देता आले नसते. कोणी घेतला नाही.

त्यानंतरच शोधयंत्राकडे वळलो. फोन, ईमेल व घरचा पत्ता असलेली पाने निकालांतून काढण्याची विनंती गूगल स्वीकारते. सरकारी किंवा अधिकृत स्रोतावरील सार्वजनिक नोंदी मात्र ती काढत नाही. ज्या पानांवर पत्ता आता झाकला होता पण निकालातील दोन ओळींत जुना मजकूर दिसत होता, त्यांच्यासाठी जुना झालेला मजकूर ताजा करण्याची वेगळी सोय वापरली. पत्ता न झाकलेल्या पानांसाठी वैयक्तिक माहितीचा अर्ज केला, आणि त्यातही पत्ता निवासी आहे हे पुराव्यासह लिहिले. भावाचा आधीचा दुसरा एक अर्ज ‘व्यावसायिक माहिती’ म्हणून नामंजूर झाला होता, तो या वेळी मान्य झाला. बिंगचा अर्ज स्वतंत्र करावा लागतो. तो बहुतेक लोक विसरतात.

फोनचे काम थोडक्यात आटोपले. ट्रूकॉलरवरून क्रमांक काढायचा तर आधी अॅपमधून आपले खाते बंद करावे लागते आणि मग संकेतस्थळावर देशाच्या कोडसह क्रमांक देऊन तो यादीतून वगळण्याची विनंती करावी लागते. पुन्हा ते अॅप वापरले तर क्रमांक यादीत परततो. यूपीआय अॅपमध्ये मोबाइल क्रमांक टाकला की बँकेतील नाव दिसते, म्हणून विवाहजुळणी, खरेदी-विक्री अशा अनोळखी व्यवहारांसाठी तिने दुसरे सिम घेतले आणि ते कोणत्याही बँक खात्याला जोडले नाही.

अमेरिकेतील पानांचे काम कंटाळवाणे, पण अधिक नियमबद्ध होते. तेथील बहुतेक व्यक्तिशोध संकेतस्थळांवर नोंद वगळण्यासाठी वेगळे पान असते: आपल्या नोंदीचा दुवा द्यायचा, ईमेल द्यायचा, आलेल्या दुव्यावर खात्री करायची. इंटेलियस, ट्रूथफाइंडर आणि इन्स्टंट चेकमेट या एकाच समूहाच्या असल्याने तेथे एका अर्जात काम झाले. काही ठिकाणी खात्रीचा कोड अमेरिकी क्रमांकावर येत असल्याने न्यू जर्सीतील बहिणीचा फोन वापरला आणि त्याच बैठकीत बहिणीचीही नोंद वगळून घेतली. हे आवश्यक होते, कारण बहिणीच्या पानावर नातेवाईक म्हणून हिचे नाव उरले असते. नोंद ‘हटवा’ आणि ‘दाखवू नका’ असे दोन पर्याय जेथे होते तेथे दुसरा घेतला: पूर्ण हटवलेली नोंद पुढच्या खरेदीतील यादीतून नव्याने तयार होऊ शकते, तर दाखवू नका म्हटलेले नाव ओळखून अडवण्यासाठी त्यांना ते स्वतःकडे ठेवावे लागते.

त्या देशातील कायद्यांचा तिला थेट उपयोग झाला नाही. सर्व डेटा दलालांना, म्हणजे लोकांची माहिती जमवून विकणाऱ्या कंपन्यांना, एकाच अर्जाने हटवण्यास सांगण्याची कॅलिफोर्नियाची सोय जानेवारी २०२६ पासून सुरू झाली आहे, पण ती त्या राज्याच्या रहिवाशांसाठी आहे. न्यू जर्सीचा ‘डॅनियल्स लॉ’ घरचे पत्ते काढण्याची सक्ती करतो; न्यायाधीश एस्थर सालास यांच्या घरी येऊन त्यांच्या मुलाची जुलै २०२० मध्ये हत्या झाली, त्यानंतर तो आला. त्याचे संरक्षण न्यायाधीश, सरकारी वकील, पोलीस अशा व्यक्तींना आणि त्यांच्या निकटच्या कुटुंबीयांना आहे. पत्ता उघड असण्याचा धोका तेथे ज्यांनी कायद्यात उतरवला त्यांनीही सामान्य नागरिकाला त्याबाहेरच ठेवले.

आजची स्थिती अशी आहे. तिच्या तिहेरी नावाने शोधल्यास पहिल्या काही पानांत घरचा पत्ता येत नाही. कंपनीच्या सरकारी पानावर तो आहे आणि राहील. तेथे पोहोचण्यासाठी मात्र आता आधी कंपनीचे नाव मिळवून सरकारी पान वेगळे शोधावे लागते. परदेशात ठेवलेल्या एका संकेतस्थळाने एकाही पत्राला उत्तर दिलेले नाही. त्याचे पान थेट दुव्याने उघडते, तिच्या नावाच्या शोधात दिसत नाही. मतदार यादीतील नोंद कायद्याने ठेवलेली आहे आणि केवळ गोपनीयतेच्या कारणावरून ती वगळून मिळत नाही. शुल्क मागणाऱ्या संकेतस्थळाला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमातील जबाबदाऱ्या लागू झाल्यावर पुन्हा लिहायचे ठरले आहे. पत्त्यासाठी अपवाद पुढे केला गेला तरी वैयक्तिक ईमेलच्या बाबतीत तो टिकेल असे मला वाटत नाही, आणि मागणीची सुरुवात तेथूनच करू. विवाहजुळणीच्या संकेतस्थळावर तिने मधले नाव काढले आहे. घाटकोपरच्या टेबलाचा करार अकरा महिन्यांचा आहे. तो संपल्यावर जागा बदलली तर जीएसटीतील पत्ता पुन्हा बदलावा लागेल, म्हणून नव्या जागेची कागदपत्रे जुना करार संपण्याआधीच हाती असावीत, एवढी एक तारीख तिने कॅलेंडरमध्ये नोंदवून ठेवली आहे.